देवाचे पाय

बोरी नदीचं पाणी घाटावरच्या मारुतीच्या पायाला लागलं की कोतवालानं हलगी वाजवायची आणि खालच्या आळीनं गढीवर चढायचं, ही गावाची जुनी रीत. सकाळपासून नदी फुगत होती. प्रेमलानं ज्वारीची गाठोडी तुळईला टांगली, गाईचं दावं सोडलं, तान्हीला पाठीशी बांधलं. हलगी काही वाजेना. पाणी दाराशी आलं. “मामा, निघायचं का वो?” तिनं सासऱ्यांना विचारलं. अंबादास बाजेवरून हलले नाहीत. “देवाच्या पायाला पानी लागल्याबिगर कुणी घर सोडलंय व्हय? भिऊ नगं.” उंबरा ओलांडून पाणी चुलीत शिरलं, राख तरंगू लागली. आणि प्रेमलाला चैत्रातलं श्रमदान आठवलं. तिनंही दगड वाहिले होते. पुराचं पाणी देवाला शिवू नये म्हणून गावानं मारुतीला पुरुषभर उंच चौथऱ्यावर बसवलं होतं. कोतवाल अजून देवाचे कोरडे पाय बघत बसला असणार.