वेशीच्या ओट्यावर

साधनानं काउंटरवर चारही उशा ओळीनं मांडल्या. उशीवर फोटो छापायचं मशीन तिच्या फोटो स्टुडिओत नवंच आलं होतं. चारींवर एकच फोटो होता: सिद्धेश्वर धरणात गेलेल्या एका गावाची दगडी वेस. फोटो काळापांढरा, पण कमानीचा दगड न् दगड उठून दिसत होता.

शिवहार खूश झाला. हिंगोलीत त्यानं नवं घर बांधलं होतं, वास्तुशांती तोंडावर आली होती. नव्या सोफ्यावर आईच्या गावची वेस असावी, असं त्याच्या मनात होतं.

"बघ माय, तुझं माहेर."

नर्मदाबाईंनी पदराला हात पुसून एक उशी उचलली. वेशीला लागून असलेल्या ओट्यावरून बोट फिरवलं. मग दुसरी उचलली. तिच्यावरही बोट तिथंच फिरलं.

"पोरगी कुठं गेली?"

"कोणती पोरगी, माय?"

"ओट्यावर बसेल होती ती."

साधनाच्या लक्षात आलं. "ती व्हय आजी? एक पोरगी अन् एक शेळी होती. कमान झाकून राहिली होती, म्हणून कॉम्प्युटरवर काढून टाकली. आता बघा, वेस कशी साफ दिसते."

नर्मदाबाईंनी उशी खाली ठेवली.

"पदमी होती ती. माझी मोठी बहीण."

शिवहारनं ती उशी उचलून पाहिली. आपल्याला एक मावशी होती आणि गाव उठलं त्याच साली ती तापानं गेली, एवढंच त्यानं ऐकलं होतं. तिचा फोटो घरात कुठंच नव्हता. धरणावर नोकरीला असलेल्या एका ओव्हरसियरच्या घरी हा जुना फोटो मिळाला, तेव्हा त्यानं तो आणून आईच्या हातात दिला होता. "हीच का?" असं विचारलं होतं. "व्हय, हीच," ती म्हणाली होती, आणि किती तरी वेळ तिनं फोटो हातातून सोडला नव्हता. त्यानं विचारलं होतं ते वेशीबद्दल.

"तवाच सांगायचं नं."

"तू इचारलं, म्या सांगितलं."

"जाऊ दे आता. छापून झालं. वेस तर हाय नं?"

"वेशीचं काय रे," नर्मदाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिचे दगड अजून दिसतेत. पदमी कुठं दिसंल?"

 साधनानं कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला आणि आपली खुर्ची नर्मदाबाईंना दिली. ओट्यावर पोरगी होती तशीच बसली होती. साधना फोटो मोठा करत गेली. जितका मोठा होई तितका चेहरा विरघळे. शेवटी नुसते करडे ठिपके उरले.

"तोंड न्हाई येऊन राहिलं, आजी."

"न्हाई येऊ दे. अशीच बसायची. एक पाय दुमडून."

शिवहार पुढं झाला. "ताई, चारी उशा परत छापा. हाय तसा फोटो घ्या."

"अन् शेळी?"

"ती बी राहू दे," नर्मदाबाई म्हणाल्या. "तिच्यावाचून हालायची न्हाई ती."

साधना हसली. फोटो सारखा करता करता तिचा हात थांबला. पोरीचा एक हात वर उचललेला होता, फोटोच्या कडेपल्याड कुणाकडं तरी केलेला.

"मला वाटलं होतं, शेळीला हाकलून राहिली. पण शेळी तर इकडं हाय. हात कोणाला करून राहिली ही?"

नर्मदाबाई पडद्याजवळ सरकल्या.

"फोटोवाला आला तशी मी भ्याले अन् पळाले. ती बसून राहिली." त्यांनी त्या हातावर बोट ठेवलं. "मला बोलावून राहिली."