कोकोच्या डब्यावरची बाई

कोकोच्या नव्या डब्यावर हसऱ्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचं चित्र हवं होतं. कंपनीतल्या चित्रकार बाई स्वतः कृष्णवर्णीय; त्यांनी सरळ आपल्या आईलाच समोर बसवलं. आईचा सारा जन्म लोकांच्या घरी स्वयंपाक करण्यात गेला होता. चित्र जीव ओतून काढलेलं, पण साहेबांनी ते चौथ्यांदा परत केलं.

"ओठ आणखी जाड हवेत. डोळे बटबटीत काढा, आणि बत्तिशी दिसू द्या."

"साहेब, असं माणूस मी तरी कुठे पाहिलं नाही."

"गिऱ्हाइकाला असंच लागतं, बाई."

नोकरी टिकवायची होती. दातओठ खात त्यांनी सांगितले तसे दात आणि ओठ काढून दिले.

साहेबांनी चित्र हातभर लांब धरलं. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग खुशीत म्हणाले, "आता जमलं बघा. हुबेहूब तुम्ही."