बाबा स्टँडवर नव्हते

अभनपूरची बस दीड तास उशिरा आली, आणि बाबा स्टँडवर नव्हते. भावनाच्या काळजात चर्र झालं. शाळेतून यायला तिला जरा उशीर झाला की तिचे बाबा, हरिदास, स्टँडवर येऊन उभे राहायचे. कंडक्टरला तर ते पाठच झाले होते. आज साधा मिस कॉलसुद्धा नाही! ती धावतच घरी आली.

काय व्हायचंय! हरिदास मजेत वरणभात कालवत होते.

"आली का? हात धू, जेवाले बस."

भावनाला शाळेच्या हिंदीतच रडू फुटलं. "मैं इतनी लेट हूँ, बाबा. आपको कुछ फर्क ही नहीं पड़ा?"

मग ती भिंतीला टेकून बसलेल्या आईवर, शांतावर, घसरली. "ये सब उस गोली से हुआ है. बंद करा दे, आई. दगड झाले ते."

शांताने फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळ्या सुरू झाल्यापासून महिनाभर तिलाही हेच सलत होतं. पोरीवर जीव टाकणारा बाप म्हणून सगळ्या नात्यात हरिदासचं नाव होतं. शंकर नगरचा डॉक्टर म्हणाला होता, काळजी करणं हा यांचा स्वभाव, तो राहील. त्याचा आजार झालाय, तो उतरेल. तिला काही ते उमगलं नव्हतं. दोन्ही वेगळं काढून बघायला तिला उसंत होती कुठे? गोळ्यांआधी रात्ररात्र ते येरझारा घालायचे, आणि ही बिचारी पाणी घेऊन मागे उभी.

"काहो, देऊ का हे फेकून?" ती थकून म्हणाली. "पोट्टी रडून राहिली."

हरिदासनी हात थांबवला.

"काळजी वाटली ना. दोनदा चप्पल घातली मी. पण छाती नाही धडधडली. डोळ्यापुढे ॲक्सिडेंट नाही आला. वाटलं, बस लेट असन, येतेच आता." ते ओशाळं हसले. "असं कधी वाटलंच नव्हतं मले. बाकी लोकायले रोज असंच वाटते का वं?"

भावना डोळे पुसत त्यांच्याजवळ बसली. शांताने पाकीट होतं तिथे ठेवून दिलं.

"मंग मी पडू का जराशी?" तिने विचारलं.

हरिदास 'हव' म्हणेपर्यंत ती तिथेच, उघड्या फरशीवर, झोपी गेली होती.