समुद्राचा नारळ

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तेव्हा भूमला कोकणातले मास्तर आले. नारळी पौर्णिमेला त्यांच्या बाईंनी हळदकुंकू लावून नदीत नारळ सोडला. कोकणात बाईंचा भाऊ त्याच दिवशी होडी समुद्रात लोटणार होता. काठावर बैल धुणाऱ्या खाजाभाईंना वाटलं, नारळ हातून निसटला. कपड्यांसकट उडी मारून त्यांनी तो आणून दिला. “सांभाळा की, भाभी! वाहून गेला असता!” बाईंनी पुन्हा सोडला, त्यांनी पुन्हा आणला. बाईंचे डोळे भरले. “भाऊ, तो समुद्राला दिलाय. माझ्या भावाला सांभाळ म्हणून.” मास्तर म्हणाले, “अगं, ही नदी पूर्वेच्या समुद्राला मिळते. तुझा भाऊ पश्चिमेला.” खाजाभाई भडकले, “मास्तर, समिंदर आतून एकच असंल की!” मग पाण्यात शिरून नारळ धारेला लावत ओरडले, “पळ बेटा, भाभींचा भाऊ खोळंबलाय!”