कोरा चेंडू

तीस वर्षांपूर्वी बेसबॉलच्या सामन्यात डेल्बर्टने मारलेल्या चेंडूवर मी झेपावलो आणि हातमोजा उंचावला. पंचाने त्याला बाद दिलं. त्या झेलाने माझं नाव झालं, निवृत्तीनंतर हा रेडिओचा माईकही मिळाला. डेल्बर्टला दुसऱ्या दिवशी संघाने घरी पाठवलं. मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. आज स्टेशनने त्याला समालोचनकक्षात पाहुणा म्हणून आणलं. “काय झेल होता लेका!” तो माईकवर गडगडून हसला. “नातवाला रोज सांगतो, तुझ्या आजोबाला बाद करायला असला गडी लागला!” नातवासाठी त्याने कोरा चेंडू सहीला पुढे केला. तोंडातून जे कधी निघालं नाही ते मी चेंडूवर लिहिलं: ‘टप्पा पडला होता.’ डेल्बर्टने वाचलं. माईकवर तळहात दाबला, अंगठ्याला थुंकी लावून शाई पुसली. “माहितीये मला. पोराला ती गोष्ट आवडते. नुसती सही कर.”