मागचं वजन

जादा वजनाचा बझर वाजला आणि यंत्र जागीच अडलं. खाली गड्यांमध्ये उभ्या असलेल्या भानुदासने मान वर केली. वर केबिनमध्ये त्याची लेक पायल बसली होती. वीतभर उचललेला कंटेनर तिने हळूच जमिनीवर टेकवला.

भिगवणबाहेरच्या त्या यार्डात कंटेनर उचलून एकावर एक रचायचं काम हे यंत्र करायचं. हा कंटेनर पहिल्या रांगेच्या वरून पलीकडच्या दुसऱ्या रांगेत ठेवायचा होता. यंत्राचा हात जितका लांब जाईल, तितकं कमी वजन त्याला पेलतं. आणि आत माल कागदावरच्यापेक्षा चार टन जास्त भरला होता.

"बझर बंद कर आणि उचल," यार्डाचे व्यवस्थापक ऋषिराजसाहेब खालून म्हणाले. "नोकरीत कायम व्हायचंय ना? आज शेवटची चाचणी आहे." मग त्यांनी गड्यांना यंत्राच्या मागे चढून बसायला सांगितलं, म्हणजे मागची चाकं उचलली जाणार नाहीत.

सगळ्यांच्या आधी भानुदास चढला. त्यात त्याला नवल वाटलं नाही. कन्हेरीत वीस वर्षं त्याने उसाचा ट्रॅक्टर चालवला होता. ट्रॉलीत ऊस जास्त झाला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. मग चार माणसं बॉनेटवर बसवायची आणि निघायचं.

यंत्र बंद झालं. पायल किल्ली घेऊन खाली उतरली.

"आबा, उतरा."

"अगं, पाच जण हाय आमी. बसतो की घटकाभर."

"पाच जणांचं वजन साडेतीनशे किलो. माल चार टन जादा हाय."

साहेब हसले. पोरगी भ्याली, म्हणाले. किल्ली समाधानला दे आणि घरी जा, दुसरा ड्रायव्हर म्हणून तो तयारच आहे.

पायलने किल्ली मुठीत आवळली. "व्हय, भ्याले. सात वर्षांची असताना आबांनी मला बॉनेटवर बसवलं, तवाबी भ्याले हुते. तवा सांगता आलं न्हाय."

भानुदासला तो दिवस लख्ख आठवला. कारखाना येईपर्यंत पोर बॉनेट धरून गप्प बसली होती. आणि त्याने गावभर सांगितलं होतं, माझी पायल कशालाच भीत न्हाय.

तो उतरला. मागोमाग बाकीचे चौघे उतरले. खाली उभा असलेला समाधान किल्ली घ्यायला पुढे आला नाही. भानुदास लेकीशेजारी जाऊन उभा राहिला.

"सायेब, पोरगी भ्यालीय. मीबी भ्यालोय. तुमी बसता का मागं?"