चौथ्या गाण्यातली जागा

"नेमक्या ह्याच जागेवर तुला आलं कुटायचं असतं का गं?"

त्र्यंबकराव स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघून ओरडले. ह्याच भिंतीला ठोकलेल्या फळीवर रेकॉर्ड फिरत होती, आणि पलीकडून खलबत्त्याचा दणका आला होता.

"चहा टाकलाय," प्रमोदिनीबाई आतून म्हणाल्या.

"आल्याने मला पित्त होतं. चौतीस वर्षं सांगतोय!"

चहा आला. एवढं कुटूनही त्याला आल्याचा वास म्हणून नव्हता. बायकोला गाण्यातलं काही कळत नाही, हे त्र्यंबकरावांना केव्हाच कळून चुकलं होतं. स्वयंपाकातलंही बेताचंच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

रेकॉर्ड होती डेल हॉबर्ट नावाच्या अमेरिकन गायकाची. गुराख्यांची, शेतातली, घर सुटलेल्या माणसांची गाणी. तिकडे त्याला कंट्री म्युझिक म्हणतात. जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना सामान विकत होता, तेव्हा टेबलफॅनवर ही रेकॉर्ड फुकट मिळाली. फॅन दोन उन्हाळ्यांत भंगारात गेला. हॉबर्ट मात्र डोंबिवलीत घरचाच झाला.

त्याला तिकडे कुणी विचारलं नव्हतं आणि इकडे विचारायचा प्रश्नच नव्हता. त्र्यंबकराव दर रविवारी सकाळी रेकॉर्ड लावत आणि हा अन्याय नव्याने मनाला लावून घेत. त्या वेळात बाईही कुठे जात नसत. खडवलीहून बहिणीचं बोलावणं आलं तरी रेकॉर्ड संपेपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडत नसत. तेवढ्यात दोनतीनदा आलं मात्र कुटून होई.

सगळा जीव होता चौथ्या गाण्यात. तिथे हॉबर्ट 'होम' हा एकच शब्द तीनदा म्हणतो. "पहिल्यांदा त्याला घर आठवतं," त्र्यंबकराव भेटेल त्याला सांगत, "दुसऱ्यांदा आई. तिसऱ्यांदा कळतं, की आता दोन्ही नाहीत. अरे, काय हिंमत आहे गायकाची!" भेटणाऱ्याला तेवढ्यात काहीतरी काम आठवत असे.

आणि आता ठाण्याच्या एका श्रोता मंडळाने त्यांना चक्क चाळीस मिनिटं दिली होती. अध्यक्ष सलिल गोखले आधी म्हणाले होते, "गुराख्यांची गाणी ना? पंधरा मिनिटं खूप झाली." त्र्यंबकरावांनी सहा फोन करून ती चाळीसवर नेली. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी हॉबर्टला शेवटपर्यंत ऐकणार होतं. हे फसलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं, हॉबर्टलाही आणि त्यांनाही. आठवडाभर त्यांना धड झोप नव्हती.

"मीपण येते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"तू? तुला काय कळणारे त्यातलं?"

"बसेन की गप्प."

"मध्येच आवाज करायचा नाही हं."

"लागला नाही, तर नाही करणार."

रिक्षात बाईंची पिशवी त्र्यंबकरावांच्या गुडघ्यावर आपटली. "काय भरलंयस गं? दगड?"

"असू द्या. बाहेर पडलं की लागतं."

सभागृहात पंचवीस माणसं होती. त्र्यंबकराव सुरेख बोलले. घर, आई, दोन्ही नाहीत, सगळं सांगितलं. मग मंडळाच्या प्लेअरवर सुई टेकवली. तीन गाणी झाली, आणि चौथं आलं.

"होम," हॉबर्ट म्हणाला. "होम." पहिल्या रांगेतल्या कादंबरीताईंनी पदर डोळ्यांना लावला. "होम." त्र्यंबकरावांनी डोळे मिटले.

"होम," हॉबर्ट म्हणाला.

त्र्यंबकरावांनी डोळे उघडले.

"होम."

"आज... आज जरा जास्तच रंगलाय," ते म्हणाले.

"होम. होम. होम."

कादंबरीताईंनी पदर खाली घेतला. मागे कुणीतरी खुसखुसलं. गोखल्यांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "त्र्यंबकराव, हे आठवं घर कुणाचं?" सगळे हसले. सुईला हात लावायचा त्र्यंबकरावांना धीर होईना. चौतीस वर्षांचं प्रेम डोळ्यांदेखत गोल गोल फिरत होतं.

तेवढ्यात प्रमोदिनीबाई उठल्या. शांतपणे टेबलाशी आल्या. पिशवीतून त्यांनी लोखंडी बत्ता काढला आणि टेबलावर एकच दणका घातला, नेहमीचा, बेताचा.

हॉबर्ट पुढच्या ओळीवर गेला.

बाई काही जागेवर परतल्या नाहीत. त्यांनी टेबलाजवळच एक स्टूल ओढलं आणि बत्ता मांडीवर घेऊन बसल्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डच्या मागच्या बाजूला अशा अजून दोन जागा आहेत."